शंभरात तीन

अंबडच्या कारखान्यात पंपाला बसतं ते सील,
बांगडीएवढं काळं रबर.
बारा जुन्या पुरवठादाराची, बारा नव्याची
रात्रभर दाबाखाली ठेवली.
सकाळी जुन्यांतली सहा पाझरलेली, नव्यांतलं एक.
संगणकानं खाली आकडा टाकला: ०.०३४.

खैरनारसाहेब खुर्ची मागे रेलून म्हणाले,
"म्हणजे नवा माल चांगला, सत्त्याण्णव टक्के खात्री."
मी म्हटलं, नाही साहेब.
"मग काय?"
बावीस वर्षं हा आकडा मी फॉर्मवर उतरवतेय,
आणि एका वाक्यात सांगता येईना.

रात्री जेलरोडला, भांडी आवरल्यावर
कॅलेंडरचा मागचा महिना कापून चोवीस चिठ्ठ्या केल्या,
सातांवर लाल ठिपका,
आणि साखरेचा रिकामा डबा मामंजींपुढे ठेवला.
नोटप्रेसमध्ये हयात गेलेली त्यांची बोटं
अजून कागद दिसला की आपोआप ओली होतात.

"बारा काढा. न बघता. त्या नव्या समजा."
"पण यात खऱ्या नव्या कुठल्या?"
"कुठल्याच नाहीत. समजा, सगळं रबर एकाच घाण्यातलं.
सात पाझरणारच होती, कुणाच्याही नावावर."
"समजा," ते पुटपुटले, आणि हात आत घातला.

चार लाल. तीन. तीन. पाच.
मी वहीत रेघा ओढत होते.
दोन. चार. तीन.
एकोणतिसाव्या वेळी एकच लाल निघाली
तेव्हा त्यांनी ती चिठ्ठी दिव्याकडे धरून पाहिली,
खोटी नोट पाहावी तशी.
शंभर झाले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.
एक, किंवा त्याहून कमी: तीन वेळा.

"म्हणजे नुसतं नशीबही शंभरात तीनदा असं वागतं."
हो.
"मग तुमचा माल चांगला की नाही?"
ते या डब्याला कसं ठाऊक असणार, मामंजी,
त्यानं रबर पाहिलंय कुठे?
फरक नसता तर असं किती वेळा दिसलं असतं, एवढंच त्याला विचारलं.
असं दिसलंय, तर फरक नसेल का, हे वेगळं.
दोन्ही प्रश्न रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीसारखे,
पाठीला पाठ लावून उभे,
एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही.
साहेब या तोंडाला विचारतात
आणि त्या तोंडाचं उत्तर घेऊन मीटिंगला जातात.

मामंजी चिठ्ठ्या एकसारख्या करून थप्पी लावत होते.
"आमच्याकडे," ते म्हणाले,
"बिघडलेला कागदसुद्धा मोजून परत द्यावा लागे.
तुमचे बिघडलेले कुठे असतात?"

हे मला बावीस वर्षांत सुचलं नव्हतं.

सकाळी खरेदी विभागात आहेरला विचारलं.
त्यानं खालचा खण ओढला, तो अडकला, मग उघडला.
अकरा पुरवठादार, दिवाळीपासूनचे.
०.४१. ०.६६. ०.२३. एकावर चहाचा गोल डाग.
"यांत काही निघालं नाही मॅडम, म्हणून वर पाठवले नाहीत."
हा बारावा.
बारा जणांना शंभरातल्या तिनाची संधी द्या,
सगळे सारखेच असले तरी
तीन खेपांत एकदा कुणीतरी नुसत्या नशिबानं पास होतोच.

शेऱ्याच्या रकान्यात जागा दोन बोटं.
बारीक अक्षरात लिहिलं:
फरक नसता तरी असं शंभरात तीनदा दिसतं.
आधीचे अकरा सोबत जोडले आहेत.
नवी चोवीस सीलं मागवावीत, याच पुरवठादाराची.
साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं.
"म्हणजे नाही?"
नाही असंही नाही, साहेब.
त्यांनी सही केली, पण पेन्सिलीनं.

दुपारी तीनला मामंजींचा फोन.
डबा त्यांनी उचलून ठेवलेलाच नव्हता.
"अगं, आत्ता परत एकच लाल आली.
एकशेसातात चार.
तुझा कागद गेला का पुढे?"